वाचकांचे प्रश्न : समुद्रावरून न परतलेल्या हवाई सैनिकाचे नाव कुठे शोधावे?

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ बेळगावात मॅट्रिकपर्यंत शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाले. १९४४ साली पावसाळ्याच्या तोंडावर घरी तार आली की, बंगालच्या उपसागरावरील मोहिमेवरून त्यांचे बॉम्बफेकी विमान परतले नाही आणि ते बेपत्ता आहेत. त्यानंतरही काही पत्रे आली होती असे सांगतात, पण जुन्या घराची भिंत पावसात कोसळली तेव्हा ती गेली. आता आमच्याकडे ती तार, गणवेशातला एक फोटो आणि पितळेसारखा दिसणारा एक तारा एवढेच उरले आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावातील स्मारकावर आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीत आम्ही शोध घेतला. नाव कुठेही नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या धाकट्या आजी, शेवटपर्यंत कुंकू लावीत राहिल्या आणि त्याबद्दल भावकीत अजूनही बोलले जाते. आजोबांचे नाव कुठे नोंदले गेले असेल का, आणि शोध कुठून सुरू करावा? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या आजोबांचे नाव नोंदले गेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. आपण ते जिथे पाहिले तिथे मात्र ते असणार नाही. दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली खुले झाले आणि त्यावर स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत व मोहिमांत कामी आलेल्या सैनिकांची नावे आहेत. इंडिया गेटवरील नावे त्याहून जुन्या काळातली, पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धातली आहेत. पलटणीचे स्मारक पलटणीच्या जवानांसाठी असते, त्यामुळे गावचा माणूस असूनही हवाई दलातल्या सैनिकाचे नाव तिथे येत नाही. आपल्या सीमाभागात घरटी एखादा तरी माणूस पलटणीत असल्यामुळे सैनिक म्हटले की पाय आधी तिकडेच वळतात, आणि तिथे नाव दिसले नाही की सरकारने आपला माणूस विसरला अशी समजूत घरात घट्ट होते. ही समजूत आधी मनातून काढावी, कारण पुढचा सगळा शोध त्यामुळे अडतो.

दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्यातील सैनिकांच्या कबरी आणि नावे सांभाळण्याचे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था करते. तिची स्थापना १९१७ साली झाली, भारत तिच्या सहा सदस्य देशांपैकी एक आहे, आणि तिच्याकडे सुमारे १७ लाख स्त्री-पुरुषांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना आलेला मृत्यू ती गृहीत धरते. ज्याचा देह मिळाला त्याची कबर किंवा दहनाची नोंद, आणि ज्याचा मिळाला नाही त्याचे नाव एखाद्या स्मारकावर, असा तिचा नियम आहे. ही यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘तुमच्या पूर्वजांची युद्धनोंद काढून देतो’ असे सांगून पैसे मागणारी माणसे भेटतात; निदान या पायरीसाठी कोणालाही एक पैसाही देऊ नये.

कोणत्या स्मारकावर नाव असेल हे तो सैनिक कुठून लढत होता यावर ठरते. इंग्लंडमधील तळांवरून उडालेली विमाने उत्तर समुद्रात किंवा युरोपात नाहीशी झाली आणि ज्यांची कबर सापडली नाही, अशा २० हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनच्या पश्चिमेला रनिमीड येथील स्मारकावर आहेत. ते १७ ऑक्टोबर १९५३ रोजी खुले झाले. आपले आजोबा मात्र पूर्वेकडे लढत होते. दक्षिण आणि पूर्व आशियात व भोवतालच्या समुद्रांवर नाहीशा झालेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या उत्तर भागातील क्रांजी युद्धस्मशानभूमीत, सिंगापूर स्मारकावर कोरलेली आहेत. तिथे भूदल आणि हवाई दल मिळून २४ हजारांहून अधिक नावे आहेत. टेकडीवरच्या त्या वास्तूचे छत विमानाच्या पंखासारखे पसरट आहे, मधला उंच मनोरा विमानाच्या शेपटीसारखा उभा आहे, आणि छताखालच्या स्तंभांवर ओळीने नावे आहेत. यादीत नाव सापडले की त्यासोबत स्तंभाचा क्रमांकही दिलेला असतो. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी मुले आज नोकरीनिमित्त सिंगापूरला आहेत. त्यांपैकी कोणालाही तो क्रमांक कळवला तर त्या स्तंभाचा फोटो सहज मिळेल.

बंगालचा उपसागर आणि ब्रह्मदेश यांचा संबंध जवळचा असल्यामुळे काही कुटुंबे यांगूनजवळच्या टाउक्यान येथील रंगून स्मारकावर नाव शोधतात. तिथे जवळजवळ २७ हजार नावे आहेत, पण ती ब्रह्मदेशात लढलेल्या भूदलाची. तिथे नाव मिळाले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष शोधाकडे येऊ. यादीत पहिल्याच प्रयत्नात नाव लागत नाही याचे कारण बहुतेक वेळा लेखनात असते. युद्धकाळातल्या कारकुनाने आडनाव कानावर पडेल तसे इंग्रजीत उतरवले. पाटील किंवा चौगुले ही आडनावेसुद्धा वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. गावावरून पडलेले आडनाव भरतीच्या वेळी नोंदले, की नुसते वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले, हेही आधी ठाऊक नसते. म्हणून आडनाव, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव या तिन्हींखाली, जमतील तितक्या स्पेलिंगांनी शोध घ्यावा आणि सोबत मृत्यूचे वर्ष १९४४ एवढेच घालावे.

गावाच्या बाबतीत आपल्या भागातल्या लोकांनी विशेष सावध राहिले पाहिजे. नोंदीत कर्नाटक हा शब्द असणार नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात आणि नंतर मुंबई राज्यात होता; पुढे तो म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. ‘बेळगावी’ हे शहराचे अधिकृत नाव तर २०१४ पासूनचे आहे. त्यातही १९४४ साली हा सगळा मुलूख एका राज्याखाली नव्हता. आजच्या बेळगाव शहरातले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. त्यामुळे एकाच परिसरातल्या दोन सैनिकांपैकी एकाच्या नोंदीत ‘बेळगाव, मुंबई’ आणि दुसऱ्याच्या नोंदीत संस्थानाचे नाव असू शकते. आपले गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते हे घरातल्या जुन्या सातबारावरून किंवा गावच्या वडीलधाऱ्यांकडून आधी नक्की करून घ्यावे.

आपल्याकडचा तारा बारकाईने पाहावा. सहा टोकांचा, मध्ये मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असलेला हा तारा दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक मोहिमांसाठी एकाच घडणीचा दिला गेला. मोहिमेचे नाव मधल्या वर्तुळावर असते. ब्रह्मदेशाचा तारा असेल तर त्याच्या मूळ फितीत मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि निळ्याच्या मधोमध बारीक नारिंगी रेघ असते. पण फितीपेक्षा मोलाची आहे ती ताऱ्याची मागची बाजू. ब्रिटिश सैनिकांना दिलेली या युद्धाची मोहीमपदके कोरी होती, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र सेवा क्रमांक आणि नाव उमटवलेले असे. चिंच किंवा राख लावून तारा मुळीच घासू नये, त्याने अक्षरे पुसट होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात धरून भिंगाने वाचावे आणि मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहावा. सेवा क्रमांक हाती आला तर अर्धे काम झाले, कारण नावाचे स्पेलिंग बदलते, क्रमांक बदलत नाही.

फोटोही असाच पाहावा. छातीवर डाव्या बाजूला दोन पंख असतील तर तो वैमानिक. एकच पंख आणि शेजारी वर्तुळात अक्षरे असतील तर विमानातील दुसरा सैनिक: ‘एन’ म्हणजे दिशादर्शक, ‘बी’ म्हणजे बॉम्ब टाकणारा, ‘ए जी’ म्हणजे मशीनगन चालवणारा. बाहीवर मुठीत धरलेली वीज दिसली तर तो बिनतारी यंत्रावर काम करणारा. बाहीवर तीन फिती असतील तर सार्जंट, त्यांवर मुकुट असेल तर फ्लाइट सार्जंट. त्या काळी मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी चांगले असलेल्या मुलाला बिनतारी यंत्राचे शिक्षण मिळणे अगदी स्वाभाविक होते, पण हे अनुमान आहे. फोटोने सांगितले तरच ते लिहून ठेवावे.

तारेवरची तारीख, पाठवणारे कार्यालय आणि कोपऱ्यातला संदर्भ क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. तारेची तारीख ही विमान हरवल्याची तारीख नसते. मधे काही दिवस गेलेले असतात. अशा प्रसंगी आधी तार, मग स्क्वाड्रनच्या प्रमुखाचे पत्र, आणि साधारण सहा महिने काहीच कळले नाही तर मृत्यू गृहीत धरल्याचे सरकारी पत्र, असा क्रम असे. आपल्या घरी नंतर आलेली आणि भिंतीखाली गेलेली पत्रे बहुधा हीच असावीत. त्यांच्या प्रती दुसरीकडे असू शकतात. भारतीय हवाई दलातल्या अधिकारी नसलेल्या सैनिकांच्या सेवानोंदी नवी दिल्लीत सुब्रतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. नाव, सेवा क्रमांक, भरतीचे अंदाजे वर्ष आणि आपले नाते दाखवणारी कागदपत्रे जोडून तिथे अर्ज करावा. अर्ज कसा लिहावा याबाबत बेळगावातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

स्क्वाड्रन कळली की त्या शेवटच्या उड्डाणाची नोंद मिळते. प्रत्येक स्क्वाड्रनमध्ये उड्डाणांची नोंदवही रोज लिहिली जात असे आणि ब्रिटिश हवाई दलाच्या या वह्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. एका ओळीत विमानाचा क्रमांक, आत बसलेल्या प्रत्येकाचे नाव, काय काम दिले होते, विमान कधी उडाले आणि कधी उतरले हे लिहिलेले असते. हरवलेल्या विमानाच्या ओळीत उतरण्याच्या वेळेची जागा रिकामी असते, किंवा ‘परतले नाही’ एवढेच दोन-तीन शब्द असतात. त्या ओळीतली बाकीची नावे मात्र वहीत घेऊन ठेवावीत, कारण माझ्या मते शोधाचा सर्वांत भरवशाचा रस्ता त्यांच्याकडूनच जातो. भारतातल्या तळांवरून उडणाऱ्या स्क्वाड्रनांमध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाचे पुष्कळ सैनिक होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हवाई दलातल्या हताहतांच्या फायली ‘ए ७०५’ या मालिकेत आहेत आणि त्यांपैकी अनेक घरबसल्या वाचता येतात. फाइल त्या एका ऑस्ट्रेलियन मुलाची असली तरी तिच्यात सबंध विमानाची हकिकत, शेवटचा बिनतारी संदेश, घेतलेला शोध आणि बरोबरच्या सर्वांची नावे येतात. मेलबर्नजवळच्या एखाद्या आईने चिकाटीने लिहिलेल्या पत्रांमुळे खानापूरच्या मुलाचे शेवटचे तास आज आपल्याला कळू शकतात.

विमान कोणते होते यावरून त्यात किती माणसे होती हे समजते. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन व्हल्टी व्हेन्जन्स ही दोन माणसांची विमाने वापरीत आणि त्यांचे काम मुख्यतः अराकान व इम्फाळच्या आघाडीवर, जमिनीवरच्या लक्ष्यांवर असे. दूरच्या समुद्रावर, रंगून किंवा अंदमानपर्यंत जाणारी विमाने चार इंजिनांची लिबरेटर होती. त्यांत आठ किंवा अधिक माणसे असत आणि ती बंगाल-ओरिसातील साळबनी, डिग्री, कटक अशा तळांवरून उडत. आपले आजोबा कोणत्या विमानात होते हे नोंदवही पाहिल्याशिवाय ठरवू नये.

कोणीच कसे सापडले नाही, हा प्रश्न आपण विचारला नसला तरी प्रत्येक घरात तो असतो. पावसाळ्याच्या तोंडाला उपसागरावर उभे राहणारे ढग त्या काळच्या विमानाला वरून ओलांडता येत नसत, बाजूने वळसा घ्यावा तर इंधन पुरत नसे, आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून बिनतारी संदेश शक्यतो टाळले जात. लिबरेटर पाण्यावर उतरवणे तर विशेष धोक्याचे होते. त्याचे पंख शरीराच्या वरच्या बाजूला असल्यामुळे पाण्याचा पहिला तडाखा पोटाला बसे, बॉम्ब ठेवण्याच्या कक्षाची पातळ सरकती दारे आत ढासळत आणि विमान मधोमध मोडे. हवेने फुगणारी रबरी नाव विमानात असे, पण ती बाहेर पडून उघडेपर्यंत कोणी शुद्धीवर असेलच असे नव्हते. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपल्या सुमारे ४२ हजार बेपत्ता माणसांचा शोध घेण्यासाठी पथके नेमली आणि ती १९४९ पर्यंत काम करीत होती. गावोगाव चौकशी करून, कबरी उघडून त्यांनी हजारो नावे लावली. समुद्रात मात्र विचारायला गाव नव्हते आणि उघडायला कबर नव्हती.

धाकट्या आजींबद्दल आपण लिहिले आहे, म्हणून मनापासून सांगतो. मृत्यू गृहीत धरल्याचे सरकारी पत्र पेन्शन, थकलेला पगार आणि वारसा यांचे काम अडू नये यासाठी असे. पत्नीने काय मानावे हे सांगण्याचा अधिकार ते पत्र लिहिणाऱ्याला नव्हता, आणि भावकीलाही नाही. ज्या माणसाचा देह कोणी पाहिला नाही, ज्याला कोणी अग्नी दिला नाही, त्याच्यासाठी तिने कुंकू ठेवले तर त्यात अशुभ काहीही नाही. आपल्या घराण्याचा इतिहास लिहाल तेव्हा तिचे हे वागणे आजोबांच्या हुद्द्याइतक्याच मानाने, तिच्या नावासह लिहावे.

प्रश्न : आमच्या चुलत आजोबांचे विमान १९४३ साली समुद्रावर हरवले. घरात त्यांचे श्राद्ध कधीच झाले नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत तारीख मिळाली आहे. ती धरून तिथी काढावी का? देह नसताना विधी करता येतो का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : यादीतली तारीख ग्राह्य धरावी, पण ती कशी पडली हे समजून घ्यावे. रात्रीच्या मोहिमेत विमान संध्याकाळी उडे आणि मध्यरात्रीनंतर हरवे. कधी उड्डाणाचा दिवस मृत्यूचा म्हणून लिहिला गेला, कधी दुसरा दिवस. बरोबरच्या सैनिकांच्या नोंदी त्याच स्क्वाड्रनखाली शोधल्या की एकाच विमानातल्या माणसांच्या तारखांत एका दिवसाचा फरक आढळू शकतो. तेव्हा १९४३ सालचे पंचांग मिळवून दोन्ही दिवसांच्या तिथी काढाव्यात आणि कोणती धरायची ते घरच्या गुरुजींना विचारून ठरवावे. त्या रात्री कोणत्या घटकेला काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे तिथीच्या काटेकोरपणावरून घरात वाद वाढवण्यात अर्थ नाही. पितृपंधरवड्यात शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी आहे. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आपल्या चुलत आजोबांसाठी चतुर्दशी अधिक योग्य वाटते.

देह न मिळालेल्या माणसाच्या अंत्यविधीची तरतूद आपल्या धर्मशास्त्रात जुनी आहे. पळसाच्या पानांची किंवा दर्भाची आकृती करून तिला अग्नी देतात. पालाशविधी या नावाने आपल्याकडचे याज्ञिक तो जाणतात. परदेशी गेलेल्या आणि काहीच वार्ता न आलेल्या माणसाची साधारण बारा वर्षे वाट पाहावी आणि मग हा विधी करावा अशी रूढी आहे. एवढेच नव्हे, तर विधी झाल्यावर तो माणूस खरोखर परत आला तर त्याला पुन्हा संस्कार करून घरात कसे घ्यावे, हेही सांगून ठेवले आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांना वाट पाहणाऱ्या घरांची अवस्था ठाऊक होती. आज ऐंशी वर्षांनंतर विधी करण्यास हरकत नाही, फक्त घरात त्या वाट पाहण्यातले कोणी वडीलधारे माणूस हयात असेल तर आधी त्याची संमती घ्यावी. नको म्हणाले तर त्यांच्या हयातीत तो विषय काढू नये.

जमिनीच्या वारसाचा प्रश्नही याच माणसावरून अडला असेल तर कायद्याची वाट वेगळी आहे. ज्यांना वार्ता कळायला हवी होती अशांना सात वर्षे एखाद्याचा ठावठिकाणा कळला नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जाते. हे पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होते. आता ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम १११ म्हणून आहे. आयोगाची नोंद आपल्याकडे आहेच, तिची छापील प्रत वकिलांना द्यावी.

प्रश्न : आमच्या गावचा एक तरुण दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता आणि समुद्रावर बेपत्ता झाला. शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा फलक लावण्याचे गावाने ठरवले आहे. मजकूर काय असावा, आणि मराठीत असावा की कन्नडमध्ये, यावर एकमत होत नाही. शिवाय ज्याची समाधीच नाही त्याचे स्मारक कसे करायचे, असेही काही जण विचारतात. — तरुण मंडळाचे कार्यकर्ते, बेळगाव तालुका

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आपल्या गावातल्या जुन्या देवळासमोरच उभे असेल. आपल्या भागातले वीरगळ हे समाधीचे दगड नव्हेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जातात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. देह कुठे पडला याचा त्यांना प्रश्न नसतो. समुद्रावरच्या वीरांचेही असे दगड आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा कोरलेल्या आहेत, आणि त्या १२६५ च्या सुमारास शिलाहार व यादव यांच्यात झालेल्या आरमारी लढाईच्या आहेत असे बरेच अभ्यासक मानतात. त्या लढाईत शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. तेव्हा आपण नवीन काही करीत नाही.

मजकुरात पूर्ण नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, तारीख, समुद्राचे नाव आणि ज्या स्मारकावर नाव कोरलेले आहे त्याचे नाव व स्तंभ क्रमांक असावा. ‘शत्रूची अमुक विमाने पाडून वीरमरण’ असे काही नोंदवहीत सापडले नसेल तर लिहू नये. आपल्या माणसाचे मोठेपण वाढवण्याच्या भरात असे मजकूर लिहिले जातात आणि पुढच्या पिढीतले एखादे अभ्यासू मूल मूळ कागद पाहते तेव्हा खऱ्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडतो. इंधन संपत आलेल्या विमानात, काळ्या ढगाखाली, बिनतारी यंत्राजवळ बसून राहणे हेच पुरेसे आहे. त्याला जोड लागत नाही.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. त्या विमानात असलेल्या बाकीच्यांची नावेही खाली बारीक अक्षरांत द्यावीत. ते एकत्र उडाले आणि एकत्र नाहीसे झाले. दगडावर एकट्याचे नाव टाकले तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ती नावे दिली की परदेशात कुठेतरी त्यांच्या घरच्यांना शोध घेताना आपल्या गावच्या शाळेचा पत्ता लागेल. भाषेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मराठी आणि कन्नड दोन्ही, सारख्या आकाराच्या अक्षरांत, आणि खाली इंग्रजी. शाळेच्या आवारातून दोन्ही भाषा बोलणारी मुले रोज जाणार आहेत आणि फलक त्यांच्यासाठी आहे. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते त्याने अन्यत्र मांडावे. १९४३-४४ साली हवाई दलात गेलेल्या या मुलाच्या अंगावर तो वाद घालू नये. कन्नड मजकूर कन्नड शाळेतल्या शिक्षकांकडूनच लिहून घ्यावा आणि कोरण्याआधी तिन्ही मजकुरांतील तारीख, सेवा क्रमांक व नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. शाळा आणि ग्रामपंचायत यांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

नाव आयोगाच्या यादीत चुकीच्या स्पेलिंगने किंवा अर्धवट दिलेले आढळले तर फलक लावण्यापूर्वी दुरुस्तीसाठी आयोगाला लिहावे. त्यासाठी त्या काळातला कागद लागतो: शाळेचा दाखला, भरतीचा कागद, पदकावरील नाव, तार, पेन्शनचा आदेश. अगदीच नाव नसेल तर सेवा आणि मृत्यू या दोन्हींचे पुरावे जोडून ते समाविष्ट करण्याची विनंती करता येते. त्याआधी तो तरुण हवाई दलातच होता ना, याची खात्री करावी. युद्धकाळात जहाजांवर गेलेल्या आणि समुद्रात बुडालेल्या सुमारे ४०० नौसैनिकांची व जवळजवळ ६ हजार व्यापारी खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममधील स्मारकाच्या नोंदीत आहेत, आणि ‘समुद्रावर गेला’ एवढीच आठवण उरलेल्या घरात विमान आणि जहाज यांची गल्लत होऊ शकते. आयोगाला कागदांच्या फक्त प्रती पाठवाव्यात, मूळ कागद कोणालाही देऊ नयेत. त्यांचे स्वच्छ फोटो काढून एक संच शाळेच्या ग्रंथालयात आणि एक त्या कुटुंबाकडे ठेवावा.